परक्या पिल्लाला घर कोणत्या अटीवर मिळते?

कुटुंबासाठी काढलेल्या ॲनिमेशनपटांत कुणाचेच नसलेले, एकटे पडलेले पात्र वारंवार भेटते आणि त्याला हक्काची माणसे मिळाली की चित्रपट संपतो. या कथानकाचे मूळ शोधू गेल्यास हान्स क्रिश्चियन अँडरसन या डॅनिश लेखकाने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या कुरूप बदकपिल्लाच्या गोष्टीपाशी यावे लागते. गोष्ट सर्वपरिचित असली, तरी तिच्यातला एक प्रसंग सांगताना सहसा गाळला जातो. भटकून थकलेले पिल्लू एका म्हातारीच्या झोपडीत शिरते, तेव्हा तिथली कोंबडी त्याला ‘अंडी घालता येतात का’ असे विचारते, बोका पाठीची कमान करून गुरगुरता येते का याची चौकशी करतो आणि दोन्हींचे उत्तर नकारार्थी आल्यावर पिल्लाला मत मांडण्याचाही अधिकार उरत नाही. उपयोगी असशील तरच राहा, ही ती अट. अँडरसनने ती पूर्ण करून घेतली नाही. त्याचे पिल्लू मुळात राजहंसच निघाले आणि प्रश्न जन्मावर सुटला.

वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने ही गोष्ट दोनदा पडद्यावर आणली. १९३१ च्या कृष्णधवल लघुपटात कोंबडीच्या पिलांत वाढणारे बदकपिल्लू पाण्यात वाहून चाललेल्या पिलांचे प्राण वाचवते आणि मगच कोंबडी त्याला जवळ करते. १९३९ च्या रंगीत आवृत्तीत मात्र त्याला हंसांचे कुटुंब मिळते. या लघुपटाला ऑस्करही मिळाले. पुढच्या चित्रपटांनी यांपैकी पहिलाच मार्ग अधिक पसंत केला.

१९४१ चा ‘डंबो’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली होती, आधीचे खर्चिक चित्रपट तोट्यात गेले होते, त्यामुळे जेमतेम ६४ मिनिटांचा हा चित्रपट मुद्दाम कमी खर्चात काढण्यात आला आणि त्याच वर्षी स्टुडिओत ॲनिमेटरांचा संपही झाला. मोठ्या कानांचे हत्तीचे पिल्लू संपूर्ण चित्रपटात एक शब्दही बोलत नाही. एकाकीपणा संवादांवाचून, केवळ डोळ्यांतून आणि अंगाच्या आकसण्यातून दाखवता येतो, हे ॲनिमेशनचे बळ इथे पुरेपूर दिसते. कथेची अट मात्र जुनीच राहते: ज्या कानांमुळे हेटाळणी होते त्यांच्याच जोरावर ते उडू लागते, आणि तेव्हाच सर्कशीत त्याचे कौतुक होते. उडता आले नसते तर काय, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही.

तो विचारला गेला २००२ च्या ‘लिलो अँड स्टिच’मध्ये. ख्रिस सँडर्स आणि डीन ड्यूब्लॉय यांच्या या चित्रपटातील स्टिच हा केवळ विध्वंसासाठी प्रयोगशाळेत घडवलेला प्राणी आहे. त्याला ना हंसांचे कुळ आहे, ना घराच्या उपयोगी पडेल असा गुण. तो अँडरसनचीच गोष्ट चित्रांतून पाहतो आणि पुस्तक घेऊन रानात आपल्या कुटुंबाची वाट पाहत बसतो, पण ते कुटुंब काही येत नाही. त्याला आधार देणारे घरही आई-वडील गमावलेल्या दोन बहिणींचे, मोडायला आलेले आहे. माझ्या मते या परंपरेतले हे सर्वांत धाडसी वळण होय.

सँडर्सनेच पुढे २०२४ साली ‘द वाइल्ड रोबोट’ दिग्दर्शित केला. पीटर ब्राउन यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात काम करण्यासाठीच बनवलेले यंत्र एका पोरक्या हंसपिल्लाला वाढवते, परंतु थव्यात नाकारलेल्या त्या पिल्लाला मान मिळतो तो थव्याचे नेतृत्व करून दाखवल्यावरच, म्हणजे जुनी अट काहीशी परत येते. पिक्सारच्या २०२५ च्या ‘एलिओ’ने तीच अट वेगळ्या बाजूने पाहिली. आई-वडील गमावलेला हा मुलगा परग्रहवासीयांत स्थान मिळवण्यासाठी आपण पृथ्वीचा नेता असल्याचे खोटेच सांगतो. तिथे त्याची मैत्री होते ती एका युद्धखोर सरदाराच्या मुलाशी, ज्याला वडिलांना हवा तसा योद्धा मुळीच व्हायचे नसते.