ट्यूबलेस टायरचं पंक्चर घरच्या घरी काढताना
(आमच्याकडून पंक्चर किट नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

सकाळी कामाला निघायच्या गडबडीत मागचं चाक बसलेलं दिसतं. वाकून पाहावं तर नक्षीच्या खाचेत स्क्रूचं चकचकीत डोकं. हात लगेच पकडीकडे जातो. तेवढं करू नका. ट्यूबलेस टायरमध्ये रुतलेला स्क्रू स्वतःच बुचासारखा बसलेला असतो, म्हणून हवा हळूहळू जाते. तो उपटला की बघता बघता गाडी रिमवर येते. सगळं सामान हाताशी मांडून झाल्यावरच त्याला हात लावा. दुकान जवळ असेल तर स्क्रू तसाच ठेवून, हवा भरून, सावकाश आमच्याकडे आलात तरी चालेल.

आधी जागा बघा

रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागातलं, साधारण 6 मिलिमीटरपर्यंतचं भोक घरी बुजवता येतं. टायरच्या बाजूच्या भिंतीला किंवा खांद्याला (नक्षी आणि भिंत जिथे मिळतात त्या कडेला) लागलं असेल तर किट उघडूच नका. तो भाग गाडी चालताना सतत दबतो आणि सुटतो, तिथे भोक बुजवायची किटमधली रबरी दोरी टिकत नाही. अशा जागी आम्हीही पंक्चर काढून देत नाही. कितीही आग्रह केलात तरी नाही. लांबट चीर असेल तरीही टायर आमच्याकडेच आणा.

काम कसं करायचं

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि दुसऱ्या एखाद्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. चाक काढायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवा, मागचं असेल तर आधीच गाडी हातभर पुढे-मागे घेऊन स्क्रू समोर आणा. चाक काढावंच लागलं तर नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा, जॅक नंतर लावा. जॅकवरच्या गाडीखाली हातपाय घालू नका.

किटमधली दोन हत्यारं दिसायला सारखी असली तरी कामं वेगळी आहेत. कानशीसारखी खरबरीत सळई भोक साफ करायला, आणि टोकाला फट असलेली सुई दोरी आत घालायला. दोरी आधीच सुईत ओवून ठेवा, दोन्ही बाजूंना सारखी. तिच्यावर सोल्युशन, म्हणजे रबर चिकटवायचा डिंक, लावा. सोल्युशन पेट घेतं, तेव्हा आसपास विडी-सिगारेट नको.

आता भोकाभोवती खडूने खूण करा आणि स्क्रू काढा. तो सरळ आत गेला होता की तिरका, हे नीट बघा, कारण सळई त्याच दिशेने जायला हवी. इथेच बहुतेकांची गाडी अडते. टायरच्या आत पोलादी तारांचे थर असतात, त्यामुळे सळई सहज जात नाही. अंगाचा भार द्या, फिरवत आत ढकला आणि आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. नवा टायर खराब होईल या भीतीने लोक एकदाच हलकेच सळई घालतात, मग दोरी निम्म्यातच अडकते. तारेची टोकं घासली गेली नाहीत तर तीच नंतर दोरी कापतात. तेव्हा इथे हयगय नको.

सुई दाबत न्या. दोरीची दोन्ही टोकं बाहेर साधारण 2 सेंटीमीटर उरली की थांबा आणि सुई न फिरवता एका झटक्यात सरळ बाहेर ओढा. दोरी आतच राहते. बाहेरची टोकं टायरपासून 3-4 मिलिमीटर ठेवून कापा, ओढू नका. हवा भरा आणि बुजवलेल्या भोकावर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले नाहीत म्हणजे जमलं. एक बुडबुडा जरी फुगत राहिला तरी दोरी बसलेली नाही असं समजा. व्हॉल्ववरही दोन थेंब टाका, कधी कधी हवा तिथूनच जात असते.

हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरवर छापलेला आकडा म्हणजे त्या टायरची कमाल मर्यादा. तितकी हवा भरायची नसते. मोजताना टायर थंड असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा.

एक कळकळीची विनंती

हवा गेलेल्या टायरवर ‘कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय’ म्हणून गाडी रेटू नका. असा टायर आम्ही रिमवरून उतरवतो तेव्हा आतून मूठभर काळा भुगा पडतो. तो भुगा म्हणजे भिंतीचंच घासलेलं रबर असतं. पंक्चर खिळ्याएवढं असलं तरी तो टायर मग टाकूनच द्यावा लागतो आणि ते सांगताना आम्हालाही वाईट वाटतं.

बाहेरून घातलेल्या दोरीने रोजचं काम भागतं. पण लांबच्या प्रवासाआधी, विशेषतः एक्सप्रेसवेवर जाणार असाल तर, टायर उतरवून आतून पॅच, म्हणजे रबराचं ठिगळ, मारून घ्या. भोक आत कसं दिसतंय आणि तारांपर्यंत पाणी गेलंय का, हे टायर उतरवल्याशिवाय कळत नाही.

स्टेपनीबद्दल

महिन्यातून एकदा हवा बघताना पाचवं चाकही बघा. सीएनजी गाडीत ते बऱ्याचदा टाकीखाली असतं, म्हणून वर्षानुवर्षं कोणी पाहत नाही आणि नेमकं गरजेला बसलेलं निघतं. ते कसं काढायचं, हे एकदा घरी दिवसाउजेडी करून बघा. स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा, बहुतेकदा ती ताशी 80 किलोमीटर असते. काही नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी पंप आणि पंक्चर बुजवणाऱ्या द्रावाची बाटली येते. बाटलीवरची मुदत तपासा, आणि द्राव वापरला असेल तर टायर उतरवण्याआधी आम्हाला सांगा, म्हणजे आतून धुऊन मग पॅच मारता येईल.

सळई-सुई धरायची कशी हे हातात घेऊन बघायचं असेल तर दुकानात या. त्यासाठी एक जुना टायर बाजूला ठेवलेला आहे. त्यात हवी तितकी भोकं पाडा आणि बुजवा.