ढोली कुणाच्या सातबाऱ्यावर? कोकणातल्या धनेश-संरक्षणाची पार्श्वभूमी

कोकणातल्या धनेशाविषयी, म्हणजे मोठ्या चोचीच्या हॉर्नबिलविषयी, बोलताना अभयारण्यापासून सुरुवात केली की पुढचे सगळे चुकत जाते. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यात जमीन नगण्य आहे. सिंधुदुर्गात ती त्याहून बरी, पण तिथेही रानाचा मोठा भाग खासगी मालकीचा. त्यामुळे महाधनेश आणि कवड्या धनेश यांच्या ढोली सापडतात त्या बहुधा कुणाच्या तरी सामाईक सातबाऱ्यावरच्या जुन्या बेहड्यात, काजूच्या बागेच्या कडेला राहिलेल्या आंब्यात, नाहीतर देवराईत. राखी धनेशांचे लहान ढोलीतही भागते, म्हणून इथे त्यांना बाजूला ठेवले आहे. प्रश्न या दोन मोठ्या पक्ष्यांचा आहे. तो पक्ष्यांच्या शिकारीपेक्षा झाडांच्या मालकीचा जास्त आहे, आणि गेल्या पंधरा वर्षांत सरकारी नकाशांनी तो आणखी अवघड केला.

महाधनेश चार फुटांपर्यंत लांब आणि तीन-चार किलो वजनाचा होतो. एवढ्या देहाची मादी आत मावेल अशी ढोली कोवळ्या झाडात नसते. फांदी मोडून, बुरशी लागून, लाकूड आतून कुजून ती तयार व्हायला झाडाचे पाऊणशे-शंभर वर्षांचे आयुष्य जावे लागते. धनेश सुतार पक्ष्याप्रमाणे स्वतः ढोली कोरत नाही, तयार असलेलीच शोधतो. साधारण जानेवारी-फेब्रुवारीत मादी आत शिरते, विष्ठा आणि फळांचा गर यांनी तोंड लिंपून घेते आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत तिची उडायची पिसे गळतात. पुढचे काही महिने ती आणि नंतर पिल्लू सर्वस्वी नराच्या फेऱ्यांवर जगतात. वड, पिंपळ, उंबर यांची फळे तो गळ्यात साठवून आणतो आणि एकेक ओकून फटीतून देतो. रानजायफळ, धूप यांसारखी तेलकट गराची मोठी फळे असली तर पिल्लू चांगले पोसते. त्या मोसमात नर मारला गेला, तर आतल्या दोघांचाही जीव जातो.

ढोली सोडली की पुढचे सहा-सात महिने ती रिकामी असते. पण जोडी पुढच्या वर्षी बहुधा तिथेच परतते, आणि त्याच ढोलीत अनेक वर्षे वीण होते. कायद्याची अडचण नेमकी इथे आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात महाधनेश पहिल्या परिशिष्टात आहे. त्याला मारणे, त्याचे अंडे वा घरटे नष्ट करणे गुन्हा आहे. पण दिवाळीनंतर, पक्षी आत नसताना, मालकाने झाड ठेकेदाराला विकले तर झाडाखाली पुराव्याला काहीच उरत नाही. झाडतोडीचा मोसम आणि ढोली शोधायचा मोसम एकमेकांना लागून येतात. जानेवारीत जोडी परतते तेव्हा तिथे बुंधा असतो.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. मुंबईतल्या एका जुन्या निसर्ग-अभ्यास संस्थेत १८९४ मध्ये कारवारहून महाधनेशाचे पिल्लू आले. त्याचे नाव विल्यम. सचिवांच्या खुर्चीमागच्या पिंजऱ्यात तो १९२० पर्यंत जगला, आणि पुढे त्याचीच प्रतिमा त्या संस्थेचे बोधचिन्ह झाली. त्या काळात कोकणातही धनेश मारला जाई, तो मुख्यतः संधिवातावरच्या तेलासाठी. ही समजूत पूर्ण गेलेली नाही, पण शिकारीचे प्रमाण खूप उतरले आहे आणि त्याचे श्रेय कायद्याइतकेच गावकऱ्यांनाही आहे. अनेक गावांत त्याला गरुड म्हणतात, ककणेर म्हणतात, आणि तो राईत उतरला की कुणी दगड उचलत नाही.

झाडाचा इतिहास मात्र वेगळा आहे. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने ठरावीक जातींच्या तोडीला परवानगी बंधनकारक केली. यादीत साग, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ आहेत. बेहडा नाही. सातवीण, सावर, वड, उंबरही नाहीत. इमारती लाकडाच्या दृष्टीने केलेल्या यादीत ही झाडे कशाला येतील? पण ढोली आणि फळे यांच्या दृष्टीने पाहिले तर हीच पहिली हवीत. पाठोपाठ १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने मोठ्या खासगी रानांची मालकी शासनाकडे गेली. दावे, नोंदी, फेरफार यांचा गुंता दशकानुदशके चालू राहिला. त्यातून कोकणातल्या खातेदाराच्या मनात एक धास्ती बसली ती अजून आहे: रान राखले तर जमीन जाईल, तोडून काजू लावला तर राहील. पुढच्या प्रत्येक संरक्षण-योजनेला ही धास्ती आडवी आली, आणि तिला निव्वळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

आता खऱ्या वादाकडे. पश्चिम घाटाचे काय करायचे हे ठरवायला केंद्राने नेमलेल्या पहिल्या तज्ज्ञ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. तिने जवळजवळ सगळा घाट पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील, म्हणजे निर्बंध घालण्याजोगा, मानून त्याचे तीन स्तर केले आणि अंतिम आखणी ग्रामसभांशी बोलून करावी असे म्हटले. सिंधुदुर्गातल्या काही ग्रामसभांनी तर आपले गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या असे ठराव स्वतःहून केले होते. त्याच सुमाराला दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावात लोहखनिजाची खाण चालू झाली होती आणि आणखी खाणींचे प्रस्ताव होते, हा संदर्भ विसरून चालणार नाही.

अहवालावर गदारोळ झाला आणि दुसरी समिती बसली. तिचा अहवाल एप्रिल २०१३ चा. या समितीने घाटाची विभागणी दोन प्रकारच्या भूप्रदेशांत केली. एक ‘नैसर्गिक’, दुसरा ‘सांस्कृतिक’, म्हणजे वस्ती, शेती, बागा असलेला. उपग्रह-चित्रांवरून नैसर्गिक भाग सुमारे ४१ टक्के निघाला. त्यातला वनस्पतींनी समृद्ध, सलग आणि विरळ वस्तीचा भाग, एकूण घाटाच्या ३७ टक्के, संवेदनशील ठरला. समितीचा युक्तिवाद पोकळ नव्हता. लोक पिढ्यान्‌पिढ्या राबले त्या जमिनीवर दिल्लीतून बंधने लादू नयेत, तिथे प्रोत्साहनाने काम व्हावे, हे म्हणणे रास्तच आहे.

पण धनेशाच्या बाजूने पाहिले तर ही रेघ नेमकी उलटी पडली. त्या चित्रांतला एक चौकोन सुमारे २४ मीटर बाजूचा. काजूच्या बागेतला एकटा बेहडा, दोन गुंठ्यांची राई, व्हाळाच्या काठची उंबराची रांग या चौकोनांत विरघळून जाते. शिवाय त्यांच्या भोवती वाडी, कुळागर, भातशेती असली की सगळा तुकडा ‘सांस्कृतिक’. कोकणात धनेश जगतो तो याच तुकड्यात. सलग सदाहरित रान त्याला हवेच, पण फळे शोधत तो मैलोन्‌मैल उडतो आणि ढोलीसाठी जुने झाड मिळेल तिथे उतरतो, मग ते कुणाच्या परसात का असेना. पक्ष्याची गरज मोजली असती तर या भूप्रदेशाला तिसरी जागा द्यावी लागली असती: ना निर्बंधाची, ना दुर्लक्षाची. बंधने नकोत म्हणून सोडलेल्या भागात प्रोत्साहन तरी आले का? माझ्या मते दुसऱ्या अहवालाची ही सर्वांत मोठी चूक आहे. ज्या भागासाठी त्याने प्रोत्साहनाची भाषा केली, तिथे पैसा आणि यंत्रणा पुढच्या दहा वर्षांत पोचलीच नाही.

सावंतवाडी-दोडामार्गाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. सह्याद्रीतले राखीव रान आणि गोवा-कर्नाटकातली अभयारण्ये यांना जोडणारा हा पट्टा. हत्ती इथून येतात, वाघ इथून जातात, आणि महाधनेशाचा इथे नियमित वावर आहे. तरी दोडामार्ग दुसऱ्या समितीच्या संवेदनशील गावांच्या यादीबाहेर राहिला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये या पट्ट्यात वृक्षतोडीवर बंदी आली. कागदावरची ती बंदी प्रत्यक्षात पाळली गेली नाही. डोंगरउतारावरची राने कापून रबर आणि काजू लागत राहिले. दरम्यान २०२० मध्ये तिलारी परिसरातले २९.५३ चौरस किलोमीटर वनक्षेत्र संवर्धन राखीव जाहीर झाले, पाठोपाठ आंबोली-दोडामार्गही. दोन्ही निर्णय चांगलेच, पण ते वनखात्याच्या जमिनीपुरते. शेवटी मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने या पट्ट्यातली २५ गावे संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचे आदेश दिले. खातेदारांचा विरोध आजही आहे आणि त्यात खाणमालकांचा आवाज मिसळलेला असला, तरी सामान्य माणसाचा प्रश्न खरा आहे: घर दुरुस्त करायला, मुलीच्या लग्नाला झाड विकायला कुणाची परवानगी घ्यायची?

घाटाच्या एकूण अधिसूचनेचे मसुदे २०१४ पासून सहा वेळा निघाले. शेवटचा ३१ जुलै २०२४ चा. त्यात सहा राज्यांतले ५६,८२५ चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्रातले १७,३४०. आकडे जवळजवळ हलत नाहीत. या काळात, २०१८ मध्ये, महाधनेशाची जागतिक नोंद ‘संकटसमीप’ वरून ‘असुरक्षित’ झाली.

देशात इतरत्र दुसरे मार्ग निघाले होते. दांडेलीत काळी नदीच्या काठचे ५२.५ चौरस किलोमीटर क्षेत्र २०११ मध्ये खास धनेशासाठी राखीव झाले. अरुणाचलातल्या पक्के इथे पूर्वी शिरोभूषणासाठी चोच वापरणाऱ्या न्यिशी समाजाने फायबरची चोच स्वीकारली, आणि २०११ पासून शहरी देणगीदारांच्या पैशातून तिथल्या घरट्यांची राखण गावकरीच करतात. केरळातल्या वाळच्चाल भागात काडर आदिवासी हे काम करतात. मात्र हे तिन्ही सरकारी रानांत, किंवा त्यांच्या कडेने. कोकणाचा पेच तिथे नाही, म्हणून त्यांची नक्कल इथे चालत नाही.

कोकणातला मार्ग कोकणातच निघाला, आणि तो लहान आहे. संगमेश्वर-देवरुख भागात काही अभ्यासकांनी ढोली असलेल्या झाडांच्या मालकांशी करार सुरू केले: झाड उभे ठेवायचे, त्याबद्दल ठरलेली रक्कम घ्यायची. बेहड्याच्या बाबतीत आणखी पुढे जाता आले. फळे प्रमाणित पद्धतीने गोळा करून परदेशी हर्बल चहाच्या उद्योगाला विकली, की उभ्या झाडाचे उत्पन्न दरवर्षी येते. ठेकेदार एकदाच पैसे देतो. सोबत रानजायफळ, धूप, उंबर यांच्या रोपवाटिका झाल्या. अडचण आहे ती सहहिस्सेदारांची. सातबाऱ्यावर पंधरा नावे, त्यातली दहा मुंबईत, दोन मयत. करारावर सही कुणाची घ्यायची आणि पैसे कुणाला द्यायचे हे ठरेपर्यंत तोडीचा मोसम येतो. न्यायालयाच्या २५ गावांत ही झाडे येत नाहीत, संवर्धन राखीव क्षेत्रांतही येत नाहीत. रत्नागिरीत ढोलीचे झाड नोंदवून मालकाला नियमित मोबदला देणारी शासकीय योजना नाही. आज ती झाडे उभी आहेत ती देणग्यांवर, मालकांच्या शब्दावर आणि ज्या राईत कुऱ्हाड चालवायची नाही असे गावाने ठरवले आहे तिथल्या देवावर.