मेजरबाहेरचा इलेक्टिव्ह म्हणजे क्रेडिट वाया? अजिबात नाही

"दुसऱ्या डिपार्टमेंटचा विषय घेतला तर ती क्रेडिट्स फुकट जातात आणि वर सीजीपीए (सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी) पण बोंबलतो", हे सीनियर लोक ज्युनिअर्सना वर्षानुवर्षं सांगत आलेत आणि आपण पण न तपासता पुढे ढकलतो.

बघा ना, डिग्रीला लागणारी सगळी क्रेडिट्स (विषय पास झाल्यावर मिळणारे पॉइंट) मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, नसतातच, बऱ्याच ठिकाणी ओपन इलेक्टिव्हचा (आपल्या आवडीने निवडायच्या विषयांचा) कोटा वेगळा असतो आणि तो बाहेरच्याच विषयांनी भरायचा असतो, म्हणजे नाही घेतला तर डिग्री अडकेल, घेतला तर नाही!

आता सीजीपीएचं. तो क्रेडिटच्या वजनाने निघतो. समजा एकूण 120 क्रेडिट्स आहेत आणि 3 क्रेडिटच्या विषयात तुम्हाला एक ग्रेड पॉइंट कमी पडला, तर शेवटी फरक पडतो 0.025 चा. एवढ्यासाठी झोप उडवायची?

आणि हे काही नवीन फॅड नाहीये. हार्वर्डमध्ये चार्ल्स एलियट 1869 ला प्रेसिडेंट झाले आणि त्यांनी विषय निवडायची मोकळीक एवढी वाढवली की त्यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांना परत थोडा लगाम घालावा लागला, काही विषय एकाच क्षेत्रातले खोलात, काही मुद्दाम बाहेरचे.

"बाहेरचा म्हणजे सोपा" हे पण तितकंच खोटं, फिलॉसॉफीवाल्या पोराने प्रीरिक्विझिट (त्याआधी काय शिकलेलं असायला हवं ते) न बघता स्टॅटिस्टिक्स घेतलं तर तोंडाला फेस येतो. रजिस्ट्रेशनआधी दोनच गोष्टी बघा, प्रीरिक्विझिट आणि तो कोर्स नक्की कुठल्या कोट्यात मोजला जातो ते, कारण क्रेडिट खरंच वाया गेलं तर बहुतेक इथेच जातं.