नाबाद राहिल्याने सरासरी फुगते का?

‘सहाव्या-सातव्या क्रमांकावर येणारे अष्टपैलू नाबाद राहून सरासरी फुगवतात, खरी सरासरी धावा भागिले डाव’ असा हिशेब वर्षानुवर्षे फिरतो आहे. वरवर पटतो, कारण शाळेत आपण सरासरी तशीच शिकलो.

क्रिकेटमध्ये मात्र भाजक डाव नसून किती वेळा बाद झाला, हा असतो. समजा १० डाव, ३०० धावा आणि ४ वेळा नाबाद. ३०० भागिले ६, म्हणजे ५०. या आकड्याचा अर्थ, एकदा बाद होण्यामागे त्याने ५० धावा केल्या.

आता पुढच्या डावात तो २ धावांवर नाबाद राहिला, तर ३०२ भागिले ६, म्हणजे ५०.३३. बघा, नाबाद राहूनही सरासरी जेमतेम ०.३३ ने वाढली! धावा कराव्याच लागतात.

शिवाय तो डाव त्याने सोडलेला नसतो. षटके संपतात किंवा समोरचे गडी संपतात. संघ सर्वबाद झाला तरी एक जण नाबाद उरतोच. आणि फलंदाजाला सर्वाधिक धोका सुरुवातीच्या चेंडूंवर असतो. जम बसल्यावर डाव तुटला की पुढच्या वेळी तो धोका पुन्हा पहिल्यापासून. मला तर यात त्याचे नुकसानच दिसते.

पडताळायचे असेल तर कुठल्याही खेळाडूच्या आकडेवारीतले डाव आणि नाबाद हे रकाने घ्या, वजाबाकी करा, धावांना भागा. मर्यादित षटकांत सोबत स्ट्राइक रेटही (दर १०० चेंडूंमागे किती धावा) बघा, कारण संथ खेळून नाबाद राहणे सरासरीत लपते, तिथे लपत नाही.