बॉनेटवर दिसणारी वर्तुळं बॉनेटवर नसतातच

परवा एका मित्राने त्याची काळी गाडी दाखवायला नेलं. रात्रीची वेळ, डोक्यावर रस्त्याचा दिवा. बॉनेटवर दिव्याचं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक चमकती वर्तुळं. मित्र वैतागलेला होता. "मशीनने बफिंग करून घेतलं त्याचं हे फळ. पॅड गोल फिरतं, म्हणून चरेही गोल पडले. यापुढे वॅक्स हातानेच करणार, आणि तेही सरळ रेषेत."

मी त्याला दोन पावलं डावीकडे सरकायला सांगितलं. प्रतिबिंब सरकलं आणि त्याच्याबरोबर अख्खं जाळंही सरकलं. पत्र्यावर कोरलेलं वर्तुळ असं जागचं हलेल कसं? चरे खरे होते, वर्तुळं खरी नव्हती. हा गैरसमज गाडी जपणाऱ्या पुष्कळ जणांचा असतो, आणि त्यामागचं प्रकाशशास्त्र इतकं सुंदर आहे की ते सविस्तर सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

एक चरा घ्या. तो म्हणजे एक अरुंद, लांब खोबण. तिच्या भिंती उतरत्या असतात, पण फक्त बाजूंना. लांबीच्या दिशेने तिला उतार नसतो. आता बॉनेटवरचं असं एक ठिकाण घ्या, जे दिव्याच्या प्रतिबिंबापासून चार बोटं दूर आहे. तिथला सपाट रंग दिव्याचा प्रकाश भलतीकडे पाठवतो, तुमच्या डोळ्यात नाही. तिथून प्रकाश डोळ्यात यायचा असेल तर त्या जागी एक इवलासा आरसा हवा, आणि तो प्रतिबिंबाच्या रोखाने किंचित कललेला हवा. हा कल चऱ्याची भिंत देऊ शकते, पण एकाच अटीवर: तिचा उतार नेमका प्रतिबिंबाच्या रेषेत यायला हवा. भिंत उतरते चऱ्याच्या आडव्या दिशेने. म्हणजे चऱ्याची लांबी प्रतिबिंबाकडे जाणाऱ्या रेषेला काटकोनात असायला हवी.

आता बॉनेटवर हजारो चरे आहेत, सगळ्या दिशांना विखुरलेले. त्यांतले जे प्रतिबिंबाकडे जाणाऱ्या रेषेला काटकोनात आहेत तेवढेच उजळतात, बाकीचे अंधारात राहतात. एका बिंदूपासून निघालेल्या सगळ्या रेषांना काटकोनात बारीक रेघा काढत गेलात तर कागदावर काय उमटेल? वर्तुळं. म्हणजे वर्तुळ चऱ्यांच्या आकारात नाही, आपल्याला दिसण्यासाठी झालेल्या त्यांच्या निवडीत आहे.

हेच दृश्य झाडाच्या बारीक फांद्यांतही दिसतं. रात्री पाऊस थांबल्यावर झाडाआडच्या दिव्याकडे पाहा. ओल्या काटक्यांचं एक गोल घरटं दिव्याभोवती विणल्यासारखं वाटतं. झाडाने काही आपल्या फांद्या दिव्याभोवती वळवलेल्या नसतात. किंवा वापरून जुना झालेला मोबाइल घ्या, स्क्रीन बंद करा आणि वरून टॉर्च धरा. त्या काचेवर कोणी कधी मशीन फिरवलेलं नसतं, तरी वर्तुळं हजर.

मग हे चरे पडतात कशाने? बहुतांशी धुळीने. धुळीत वाळूतल्या क्वार्ट्‌झचे कण असतात. खनिजं किती कठीण ते १ ते १० अशा आकड्यांत सांगणाऱ्या मोहस् मापनपट्टीवर क्वार्ट्‌झची कठीणता ७ आहे आणि रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो शेवटी एक प्लास्टिकच. धूळ बसलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे अतिबारीक सॅंडपेपर फिरवणं. सरळ रेषेत पुसण्याचा सल्लाही थोडा तपासून घ्यावा लागतो. सरळ पुसल्याने चरे कमी पडत नाहीत. ते एकाच दिशेला पडतात, म्हणून एका विशिष्ट बाजूने पाहिलं तरच उजळतात. हा फायदा आहे, पण लपवण्याचा.

मशीन निर्दोष आहे असं मात्र नाही. एकाच आसाभोवती फिरणारं रोटरी मशीन चुकीच्या पॅडने किंवा घाईत वापरलं तर त्याचे माग राहतात. ते असे जाळीदार नसतात. उन्हात पाहिलं तर रेशमी कापडावरच्या चमकेसारखे पट्टे दिसतात, आणि आपण चालू लागलो की ते पत्र्याच्या आत तरंगल्यासारखे हलतात. या धंद्यातले लोक त्यांना 'होलोग्राम' म्हणतात आणि ते नाव अगदीच चुकीचं नाही. प्लास्टिकच्या पत्र्यावर कंपासने कमानी ओरखडून त्रिमितीय आकृत्या उभ्या करणारे हौशी लोक आहेत, त्यांचं तंत्र याच जातीचं आहे.

आता मूळ वादाकडे: हात की मशीन? माझ्या मते हा प्रश्न अर्धवट विचारला जातो, कारण 'वॅक्स-पॉलिश' असं जोडनाव आपण एका दमात घेतो. ही दोन कामं उलट दिशेची आहेत. पॉलिश रंगाच्या वरून काही काढून टाकतं. वॅक्स त्यावर काही चढवतं.

चढवण्याचं आधी पाहू. कार्नोबा हे मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर तयार होतं. ते साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि नैसर्गिक मेणांत सर्वांत कठीण मेणांपैकी एक आहे. लोक समजतात की त्याने गाडी जास्त प्रकाश परावर्तित करते. हिशोब उलटा निघतो. क्लिअर कोटचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, सुमारे १.५, त्यामुळे समोरून आलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परत येतो. मेणाचा अपवर्तनांक सुमारे १.४५, म्हणजे परत येणार सुमारे ३.४ टक्के. तरीही गाडी चमकदार दिसते, कारण मेण चऱ्यांत भरतं. रिकाम्या चऱ्यात हवा असते, आणि हवा व क्लिअर कोट यांच्या सीमेवरून दहा हजारांत ४०० भाग प्रकाश उसळतो. चरा मेणाने भरला की मेण आणि क्लिअर कोट यांच्या सीमेवरून दहा हजारांत जेमतेम ३ भाग. चरा तिथेच असतो, प्रकाशाला मात्र तो जवळजवळ जाणवत नाही. तेल लागलेला कागद पारदर्शक होतो तो याच न्यायाने.

हे काम हाताने केलेलं उत्तम. मऊ स्पंजावर थोडंसं मेण, पातळ हात, आणि मग स्वच्छ मायक्रोफायबर. मशीनने मेण फार तर जास्त एकसारखं पसरतं आणि दंड दुखत नाहीत, एवढाच फरक.

काढून टाकण्याच्या कामात मात्र फरक प्रचंड आहे. १९२७ मध्ये काचतंत्रज्ञ एफ. डब्ल्यू. प्रेस्टन यांनी काच घासण्याबद्दल एक साधा नियम मांडला: ठरावीक वेळात किती पदार्थ झिजेल ते दाब आणि वेग यांच्या गुणाकारावर ठरतं. क्लिअर कोटलाही तो ढोबळमानाने लागू पडतो. हाताने घासताना वेग असतो सेकंदाला अर्धा ते एक मीटर. १५० मिलिमीटर व्यासाचं पॅड मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ १२ मीटर. पण रोटरीत मध्यबिंदूचा वेग शून्य, म्हणजे एकाच पॅडखाली झीज जागोजागी वेगळी. ऑर्बिटल मशीन पॅडला नुसतं गरगर फिरवत नाही, छोट्या वर्तुळात हेलकावतंही. १५ मिलिमीटर व्यासाचा हेलकावा मिनिटाला ४,८०० वेळा असेल, तर नुसत्या हेलकाव्यामुळे पॅडच्या प्रत्येक बिंदूला, अगदी मध्यालाही, सेकंदाला पावणेचार मीटरच्या आसपास वेग मिळतो. हात इतका वेगही देत नाही आणि इतका सारखा दाबही देत नाही, कारण बोटांच्या टोकांखाली दाब एकवटतो.

उष्णतेचंही गणित करून पाहा. समजा पॅडवर तीन किलोचा भार आहे, म्हणजे ३० न्यूटन, आणि घर्षणांक ०.५ आहे, म्हणजे घर्षणाचा जोर भाराच्या निम्मा. रोटरीच्या पॅडचा सरासरी वेग सेकंदाला ८ मीटर धरला तर घर्षणातून १२० वॅट उष्णता निर्माण होते. हाताने जेमतेम साडेसात ते १५ वॅट. लोखंडी पत्रा ही उष्णता चटकन पसरवतो. प्लास्टिकचा बंपर पसरवत नाही, म्हणून तिथे मशीन एका जागी रेंगाळलं की रंग मऊ पडून ओढला जातो. कडांवर तर थर आधीच पातळ असतो. अख्ख्या क्लिअर कोटची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), माणसाच्या केसाहून कमी. २ मायक्रॉन खोल चरा घालवायचा तर त्याच्या आजूबाजूचा सगळा थर २ मायक्रॉनने खाली आणावा लागतो. हे दर काही महिन्यांनी करत राहिलात तर काय उरेल?

जाता जाता जाहिरातींबद्दल. 'वॅक्स रंगाला पोषण देतं, रंग श्वास घेतो' ही वाक्यं अर्थहीन आहेत. क्लिअर कोट ही त्वचा नाही. एकमेकांत घट्ट जखडलेल्या रेणूंचं ते जाळं आहे आणि त्याला काही खायला लागत नाही. तसंच रंगावर चढवायच्या संरक्षक थराचं '९एच कोटिंग' हे नाव. ऐकणाऱ्याला मोहस्‌चा ९ आठवतो, म्हणजे माणिक आणि नीलम. प्रत्यक्षात हा एच पेन्सिलीचा असतो. चाचणीत शिसपेन्सिलीने ओरखडा पडतो का ते पाहतात, आणि पेन्सिलीत असते ग्राफाइट आणि माती. क्वार्ट्‌झची धूळ या ९ला मुळीच दाद देत नाही.

मित्राची गाडी आम्ही रविवारी भरपूर पाण्याने धुतली. मशीन आणलंच नाही, कारण त्याचे चरे नखाला लागत नव्हते, म्हणजे उथळ होते. हाताने मेणाचा एक पातळ थर चढवला, तासाभराने पुसला आणि रात्री पुन्हा त्याच दिव्याखाली गाडी लावली. प्रतिबिंबाभोवती दोन-तीन तुटक कमानी तेवढ्या उरल्या होत्या. त्या कुठल्या चऱ्यांच्या, ते शोधायला मित्र बॉनेटभोवती फिरू लागला आणि त्याच्याबरोबर त्याही फिरू लागल्या.