कोर्स संपल्यावर येणारी कावीळ

दाढ सुजली, सायनस भरला की मेडिकलमधून जी ६२५ ची गोळी घरी येते ना, तिच्यात ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन म्हणजे पेनिसिलिनचंच भावंड आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड असतं. हे दुसरं कशाला, तर काही बॅक्टेरिया पेनिसिलिन फोडून टाकणारं एन्झाइम बनवतात, ते बंद पाडायला. औषध खरंच चांगलं आहे, कितीतरी जीव वाचलेत याने.

पण अमेरिका-युरोपात नेहमीच्या डोसमध्ये घेतलेल्या औषधाने लिव्हर बिघडलं अशा केसेस गोळा केल्या तर हीच जोडी सगळ्यात वर येते. आइसलँडच्या अभ्यासात साधारण २३५० जणांमागे एकाला त्रास झाला. नुसत्या अमॉक्सिसिलिनने असं फार क्वचित होतं, म्हणून संशय क्लॅव्युलॅनिकवर.

आता खरा घोळ वेळेचा आहे. गोळ्या पाच-सात दिवसांत संपतात आणि अंगाला खाज, गडद लघवी, पिवळे डोळे हे सगळं दोन-तीन आठवड्यांनी, कधी तर सहा आठवड्यांनी सुरू होतं, तोवर दाढ कुणाच्या लक्षातही नसते, मग पित्ताच्या खड्यासाठी सोनोग्राफी होते, हिपॅटायटिसच्या टेस्ट होतात, आणि आपल्याकडे तर कुणीतरी काविळीचं झाडपाल्याचं औषध आणून देतंच, जे दुखावलेल्या लिव्हरवर आणखी एक ओझं ठरू शकतं.

हे ठराविक लोकांनाच का होतं? पेनिसिलिनच्याच कुटुंबातलं फ्लुक्लॉक्सासिलिन ब्रिटनमध्ये बरंच वापरतात, त्यावर २००९ मध्ये एक मोठा जनुकीय अभ्यास आला. ज्यांच्याकडे एचएलए-बी ५७:०१ हा इम्यून सिस्टिमच्या एका जीनचा प्रकार आहे त्यांना धोका जवळपास ८० पट. म्हणजे औषध लिव्हरला थेट विषासारखं जाळत नाही, आपलीच इम्यून सिस्टिम भडकते. मला यातली पुढची गोष्ट जास्त विचार करायला लावते, हा जीन असलेल्या ५०० ते १००० जणांत एखाद्यालाच प्रत्यक्ष त्रास होतो, मग सगळ्यांची आधी टेस्ट करून उपयोग काय!

बहुतेक पेशंट काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. लिव्हर फेल होणं दुर्मिळ, त्यात वय जास्त असेल तर काळजी जास्त. भारतात औषधाने लिव्हर बिघडण्यात टीबीच्या गोळ्या याच्या बऱ्याच पुढे आहेत.

म्हणून कावीळ झाली तर डॉक्टरांना मागच्या दोन महिन्यांतल्या सगळ्या गोळ्या सांगा, संपलेल्यासुद्धा. आणि निदान याच गोळीवर आलं तर फाइलवर मोठ्या अक्षरात नाव लिहून घ्या, कारण तीच परत घेतली तर दुसऱ्यांदा त्रास लवकर आणि जोरात होऊ शकतो.