दंडावरचा सेन्सर आणि सायकल शर्यतीतली बंदी

दमलेल्या धावपटूची साखर तपासून बघायची कल्पना शंभर वर्षांची आहे. १९२४च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी काही धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा पार गळून गेलेल्यांची साखर उतरलेली निघाली. पुढच्या वर्षी आधी पिष्टमय जेवण आणि वाटेत गोड गोळ्या देऊन पाहिल्या, तर ती टिकली. १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये स्नायूचा बारीकसा तुकडा सुईने काढून ग्लायकोजेन, म्हणजे तिथे साठवलेली साखर, मोजायला सुरुवात झाली आणि अभ्यासकांचं लक्ष रक्तावरून स्नायूंकडे वळलं. तिथून पुढची दोन-तीन दशकं साखर सतत मोजण्याचा ध्यास घेतला तो डायबेटिसवाल्यांनी.

आजचं यंत्र, म्हणजे दंडावर चिकटवून साखर सतत मोजणारा सेन्सर, त्यांच्याच गरजेतून आलं. १९९९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या पहिल्या सेन्सरचे आकडे रुग्णाला दिसतच नसत, डॉक्टर ते मागाहून पाहत. २०१४ मध्ये युरोपात चौदा दिवस दंडावर राहणारी चकती आली आणि बोट टोचायची कटकट बरीच संपली. २०२० मध्ये तिथेच डायबेटिस नसलेल्या खेळाडूंसाठी वेगळी आवृत्ती निघाली, दर मिनिटाला आकडा मोबाइलवर पाठवणारी. मोठे सायकल संघ लगेच पुढे सरसावले. भारतातही २०२१च्या सुमारास फिटनेसवाल्यांसाठी असे पॅच विकले जाऊ लागले.

वादाची ठिणगी पडली जून २०२१ मध्ये. सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ग्लुकोज, लॅक्टेट (जोराच्या श्रमात स्नायूंत तयार होणारा पदार्थ) यांसारखी चयापचयाची मापं घेणारी उपकरणं शर्यतीत वापरायला मनाई केली. सरावात चालतील, शर्यतीत नाहीत. हृदयाचे ठोके आणि पॅडलवरची ताकद दाखवणारी यंत्रं मात्र हँडलवर तशीच राहिली. बंदीच्या समर्थकांचं म्हणणं, कुणाचं इंधन कधी संपेल हे कळलं तर शर्यतीतली अनिश्चितता जाते. पण ताकद दाखवणाऱ्या मीटरने ती आधीच पुष्कळ घालवली आहे. घाटात प्रतिस्पर्धी निसटला तरी स्वतःच्या वॉटच्या आकड्यावर नजर ठेवून शांतपणे चढणारे सायकलपटू आपण कधीपासून बघतोय. मग रेघ नेमकी इथेच का ओढली, याचं पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही.

नियमाचा खरा चटका बसला मार्च २०२३ मध्ये. इटलीत सिएनाला संपणाऱ्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरच्या शर्यतीत तिसऱ्या आलेल्या अमेरिकन सायकलपटूच्या अंगावर सेन्सर दिसला आणि तिला बाद ठरवलं गेलं. शर्यतीत आपल्याला एकही आकडा दिसत नव्हता, असं तिचं म्हणणं होतं. पण नियम बोट ठेवतो ते सेन्सर अंगावर असण्यावर. लबाडी आणि विसरभोळेपणा यांना एकच शिक्षा, हे खटकतंच. (तिनेच पुढे २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रोड रेसचं सुवर्ण जिंकलं.)

गंमत म्हणजे शर्यतीत त्या आकड्याचा उपयोग किती, हीच शंका आहे. सेन्सरची तार रक्तात नसते, कातडीखालच्या द्रवात असते, त्यामुळे आकडा काही मिनिटं मागे चालतो. जोरदार स्प्रिंटमध्ये ॲड्रेनलिनमुळे यकृत साखर सोडतं, तेव्हा काही न खाताही आलेख वर जातो. शिवाय रक्तात एका वेळी जेमतेम चार-पाच ग्रॅम ग्लुकोज असतं आणि स्नायूंतल्या ग्लायकोजेनचा साठा कित्येक पटींनी मोठा. तो किती उरला, हे चकती सांगत नाही. वाटेत खायचं गोड जेल कधी घ्यायचं हे अनुभवी सायकलपटू घड्याळ बघून ठरवतो, आणि ते फारसं चुकत नाही.

सरावात मात्र चकतीचा उपयोग आहे. सराव सुरू करायच्या पाऊण तास आधी गोड काही खाल्लं की इन्शुलिन वाढतं, आणि पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काहींचा आलेख धाडकन खाली येतो. कुणाला त्याने फरक पडतो, कुणाला नाही. ज्याला पडतो त्याची नाश्त्याची वेळ प्रशिक्षक बदलतात. कठीण सरावानंतर रात्री साखर उतरते का, हेही कळतं, फक्त सेन्सरच्या बाजूच्या कुशीवर झोपलं की तो दाबला जाऊन खोटा कमी आकडा दाखवतो.

खेळाडूंमध्ये या सेन्सरची बाजारपेठ उभी करणारी कंपनी २०२४च्या सुरुवातीला बंद पडली. त्याच वर्षी अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या सेन्सरना मंजुरी मिळाली. हौशी धावपटू तिथे ते दुकानातून घेऊन मॅरेथॉन पळू शकतो, व्यावसायिक सायकलपटूला मात्र शर्यतीआधी दंडावरून काढावा लागतो.